चार नंबरचं धनुष्य

निर्मळच्या आलोस सुतारांनी पाच वर्षांत फक्त चार धनुष्यांवर नंबर घातला. मुठीच्या जागी, आतल्या बाजूला, तापवलेल्या खिळ्यानं डागलेला छोटा आकडा. आकडा डागला म्हणजे ते धनुष्य त्यांच्या दृष्टीनं तयार झालं. त्याआधी कुणी कितीही घाई केली तरी ते हसून म्हणायचे, "अजून बाळ आहे ते. चालायला लागलं की सांगतो."

आलोस म्हणजे आलोशियस तुस्कानो. गावात सगळे आलोसच म्हणत. मी आगाशीचा. निर्मळजवळच्या एका शाळेत सायकलवरून जाऊन भूगोल शिकवायचो, आणि वाटेत त्यांचं घर लागायचं म्हणून ओळख झाली. त्यांच्या घरातलं बोलणं त्यांच्या बोलीतलं. ते मला पुरतं लिहिता येणार नाही, म्हणून सर्वांना कळेल अशा मराठीत लिहितो आहे.

त्यांचा खरा धंदा रहाटाचा. वाडीतल्या विहिरीवर बैलानं फिरणारा लाकडी रहाट, त्याची दोन मोठी चाकं, दात्यांची जुळणी, हे काम करणारे या पट्ट्यात दोघे-तिघेच उरले होते आणि त्यात आलोसभाऊंचा हात सगळ्यांत सफाईचा. पण सत्तरच्या आसपास वाड्यावाड्यांत विजेचे पंप आले. वर्षाला आठ-दहा रहाट करणारा माणूस वर्षाला एक दुरुस्ती करू लागला. मग दारं, खिडक्या, शाळेची बाकं. पोट भरत होतं, पण माणूस आतून रिकामा बसलेला होता.

चौऱ्याहत्तर साली दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेचे पी.टी.चे शिक्षक युजीन घोन्साल्विस पुण्याच्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आले. तिथे त्यांनी तिरंदाजी पाहिली आणि त्यांना वेडच लागलं. युजीन सर आणि आलोसभाऊ लहानपणापासूनचे जोडीदार. एकाच बाकावर शिकलेले, एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. आलोसभाऊंच्या मुलीचे, क्लाराचे, युजीन सर बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मबाप.

सर अंगणात आले आणि म्हणाले, "आलोस, परदेशी धनुष्य घ्यायचं तर माझा वर्षाचा पगार जाईल. तू करशील?"

"मी कधी बघितलंसुद्धा नाही."

"रहाट फिरतो तो कशानं? लाकूड समजलं पाहिजे. ते तुझ्याइतकं कुणाला समजतं?"

हे वाक्य आलोसभाऊंनी मला पुढे तीन-चारदा तरी सांगितलं. त्या वाक्यासाठीच त्यांनी होकार दिला असावा. बऱ्याच दिवसांनी त्यांना कुणीतरी लाकडावरून ओळखलं होतं.

सर म्हणाले, "एकाची किंमत किती धरू?" आलोसभाऊंनी लाकडाचे आणि बांबूचे पैसे तेवढे सांगितले. "बाकीचं झाल्यावर बघू. मला तरी कुठं माहीत आहे काय काय लागणार आहे."

काय काय लागलं ते आम्ही जवळून पाहिलं. पहिल्या काही महिन्यांत त्यांनी मिळेल त्या लाकडाची धनुष्यं केली. साग वाकण्याआधी मोडला. बाभूळ वाकली ती वाकलेलीच राहिली. शेवटी बैलगाडीची दांडी आणि कावडीचा दांडा कशाचा करतात ते त्यांना आठवलं आणि मांडवीच्या बाजूच्या एका वखारीतून त्यांनी धामणीच्या झाडाचे ओंडके आणले. धामण करवतीनं कापायची नाही. पाचर मारून तिच्या रेषेनं फाडायची, नाहीतर रेषा जिथं तुटली तिथंच धनुष्य तुटणार. फाडलेल्या फळ्यांच्या टोकांना मेण लावून त्या सुकायला ठेवायच्या. कुठं? तर त्यांच्या बायकोच्या, बर्थाकाकींच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वर, आढ्याला टांगून. तिथली ऊब मंद आणि सारखी. दोन वर्षं.

दोन वर्षं त्या बाईनं डोक्यावर लाकडं घेऊन भाकऱ्या भाजल्या. वारं आलं की फळ्यांना चिरा जातात म्हणून समोरची खिडकी बंद. धूर डोळ्यांत. मी एकदा म्हटलं, "काकी, त्रास होत नाही?" त्या म्हणाल्या, "होतो ना. पण तो वर बघतो तेव्हा त्याचा चेहरा बघा."

धामण सुकली की तिच्या पाठीवर कळकाच्या बांबूची पातळ पट्टी सरसानं चिकटवायची. बांधायला दोर चालत नाही, काचतो. आलोसभाऊ जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून गच्च गुंडाळायचे. मग ते परत चुलीवर टांगायचं, सरसातला ओलावा मुरून जाईपर्यंत. पावसाळ्यात चिकटवलं असेल तर पुढचा फाल्गुन येईपर्यंत हात लावायचा नाही. आणि त्यानंतरचं काम सगळ्यांत जिकिरीचं. भिंतीतल्या खुंटीवर धनुष्य आडवं ठेवायचं, दोरी थोडी ओढायची, वरचं पातं आणि खालचं पातं सारखं वाकतं का बघायचं, जिथं ताठ वाटेल तिथं पेन्सिलीची खूण करायची आणि काचेच्या तुकड्यानं खरवडायचं. केसाएवढं. परत ओढायचं. परत बघायचं. एक हात जास्त फिरला की दोन वर्षं सरपणात.

दहा फळ्यांतून एखाददुसरं धनुष्य व्हायचं. सत्त्याहत्तर सालच्या मे महिन्यात एक धनुष्य खुंटीवरच फुटलं. त्याचं अर्धं पातं आलोसभाऊंच्या जबड्यावर बसलं. दोन दात गेले, आणि डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली ती कायमची. तीन आठवडे ते पेज पिऊन होते. चौथ्या आठवड्यात परत खुंटीसमोर उभे. दारा-खिडक्यांची गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे गेली. घर चाललं ते बर्थाकाकींच्या फुलांवर. पहाटे मोगरा, चाफा खुडून दादरला पाठवायचा.

पण त्याच वर्षाच्या शेवटी एक नंबरचं धनुष्य झालं. शाळेमागच्या कापलेल्या भातशेतात युजीन सरांनी ते पहिल्यांदा ओढलं. बाण सुटला त्याचा आवाज मला अजून आठवतो. पिशवी फाटल्यासारखा, आणि लगेच गवताच्या पेंढीत धप्प. सरांनी धनुष्य खाली ठेवलं आणि आलोसभाऊंना मिठी मारली. आलोसभाऊ रडले. त्यांना मी रडताना पाहिलं ते तेवढं एकदाच.

पुढच्या दोन वर्षांत दोन, तीन आणि चार नंबर झाले. चार नंबर सगळ्यांत देखणं. त्याच्या लाकडात मधाच्या रंगाची एक रेघ टोकापासून टोकापर्यंत सरळ गेली होती. आलोसभाऊ म्हणायचे, "याच्यापुढचं मला जमणार नाही. हेच माझं."

एकोणऐंशीच्या डिसेंबरात नागपूरला राज्याच्या स्पर्धा होत्या. सरांनी काढलेल्या तिरंदाजी क्लबच्या संघात पाच मुलं होती. तीन मुलगे, फ्लॉसी आणि सुझान. सुझान सतरा वर्षांची, बापाविना वाढलेली, आईच्या शब्दाबाहेर न जाणारी. नेम मात्र पोरीचा असा की सर म्हणायचे, ही डोळे मिटून मारेल.

सांघिक पदकासाठी पाचही जण उतरायला हवे होते. धनुष्यं चार. पाचवं चुलीवर टांगलेलं होतं, पण ते ऑगस्टात, भर पावसात चिकटवलेलं.

नाताळच्या तीन आठवडे आधी सर अंगणात आले. मी तिथंच होतो.

"पाचवं दे, आलोस."

"नाही. आत ओल आहे."

"वरून तर खडखडीत दिसतंय."

"वरूनच. इथं आपली हवा दमट, ती त्याला धरून ठेवते. नागपूरच्या कोरड्या हवेत गेलं की पाठीची पट्टी आणि पोटाचं लाकूड वेगळं होईल. फाल्गुनात दे म्हण, देतो."

"स्पर्धा फाल्गुनात नाहीये."

"मग पुढल्या वर्षी. सुझान आणि फ्लॉसी एकच वापरतील, आळीपाळीनं. पण हे नाही."

सर हसले, त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बरं बाबा. तू मालक."

त्यानंतरच्या रविवारी, संघ नागपूरला निघायच्या दिवशी, आलोसभाऊ सकाळच्या मिस्साला गेले होते. बर्थाकाकींना ताप होता, त्या घरी. सर आले. म्हणाले, "बर्थाबाय, आलोस चर्चमध्ये भेटला. पाचवं घेऊन जा म्हणाला." काकींनी स्टुलावर चढून स्वतःच्या हातानं ते काढून दिलं. त्यांना शंका यायचं कारण नव्हतं. युजीन सर त्या घरात विचारून आत येणारे नव्हते.

आलोसभाऊ घरी आले, आढ्याकडे बघितलं आणि तसेच स्टेशनकडे धावले. गाडी सुटलेली होती.

चौथ्या दिवशी तार आली. नागपूरला धनुष्य फुटलं होतं. सुझाननं दोरी गालापर्यंत ओढली होती, त्याच क्षणी वरचं पातं तुटून तिच्या चेहऱ्यावर आलं. उजवा डोळा गेला.

जानेवारीत चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. फादर होते, क्लबची माणसं होती, आम्ही शिक्षक होतो. सुझान मुंबईच्या इस्पितळात. बाकीच्या मुलांना बोलावून त्यांच्या मनावर ताण देऊ नये असं सरांनीच सुचवलं होतं आणि ते सगळ्यांना पटलं होतं.

आलोसभाऊ उभे राहिले. "युजीन, तू ते पाचवं का नेलंस?"

सर शांतपणे म्हणाले, "नेलं, कबूल. जादा असावं म्हणून नेलं. पण ते पिशवीतून बाहेरही काढलं नाही. सुझान आणि फ्लॉसी एकच वापरत होत्या, तू सांगितलंस तसं. फुटलं ते चार नंबरचं."

 आलोसभाऊंचा हात समोरच्या बाकाच्या पाठीवर होता. बाक त्यांनीच केलेला.

"चार नंबर?"

"चारच."

"तू आकडा बघितलास?"

"माझ्या हातात होता तुकडा, आलोस."

"मग तुकडे दाखव मला. बाकीची धनुष्यं कुठं आहेत?"

"आयोजकांनी सगळी जप्त केली. घरगुती धनुष्यं परत मैदानात नकोत म्हणाले."

तेव्हा बर्थाकाकी मागच्या बाकावरून उठल्या. "खोटं आहे. मी दिलं त्यावर आकडा नव्हता, आणि तेच फुटलंय. चार नंबर फुटणारच नाही."

"बर्थाबाय, तुम्ही नागपूरला नव्हता," सर हळू आवाजात म्हणाले.

आणि आलोसभाऊ बायकोकडे वळून म्हणाले, "बस खाली. युजीन खोटं बोलणार नाही."

काकी बसल्या. मी त्यांच्या पुढच्याच ओळीत होतो. सरांनी पाचवं मागितलं तेव्हा आलोसभाऊंनी किती स्पष्ट नाही म्हटलं होतं ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. जो माणूस मित्राच्या बायकोशी खोटं बोलून धनुष्य नेतो तो इथंही खोटं बोलू शकतो, एवढं तरी मी उठून म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. सर शाळेत माझ्या वरच्या जागेवर होते. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

त्यानंतर आलोसभाऊंनी जे केलं ते गावानं पाहिलं. चुलीवर सुकत असलेल्या धामणीच्या सगळ्या फळ्या त्यांनी उतरवल्या. काही तीन वर्षं सुकलेल्या होत्या. त्या वाडीत नेऊन घडांनी वाकलेल्या केळींना टेकू म्हणून चिखलात रोवल्या. हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. कुणी दार बसवायला बोलावलं तरी जाईनात. म्हणायचे, "माझ्या हाताचा भरवसा नाही. दुसरा बघा." एका मोठ्या बागायतदाराकडे त्यांनी नोकरी धरली. काम काय, तर सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या पंपाचं बटण दाबायचं. ज्या पंपांनी त्यांचे रहाट बंद पाडले, त्याच पंपाचं.

सुझानचं घर चर्चच्या वाटेवर होतं. आलोसभाऊ ती वाट सोडून शेताच्या बांधावरून वळसा घालून मिस्साला जायचे. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून.

आणि घरात बर्थाकाकींशी बोलणं तुटलं. भांडण नव्हे. जेवण वाढ, दिवा लाव, एवढंच. काकी कधी म्हणाल्या, "अरे, चार नंबर फुटूच शकत नाही, मी त्याला अंगावर वाढवलंय," तर ते ओरडायचे, "तू दिलंसच कशाला ते पाचवं? तू दिलं नसतंस तर पाचवंच फुटलं असेल हा खोटा आधार तरी मला शोधावासा वाटला नसता." काकी मग तो विषय काढेनाशा झाल्या.

त्र्याऐंशीला क्लाराचं लग्न झालं. युजीन सर धर्मबाप म्हणून आले, चांदीची क्रुसाची माळ घेऊन. आलोसभाऊंनी त्यांना मानानं बसवलं, पहिलं ताट त्यांना वाढलं आणि दोन्ही हात धरून म्हणाले, "तू पोलिसात माझं नाव दिलं नाहीस, युजीन. तुझे उपकार आहेत." सर म्हणाले, "अरे, सोड." आणि जेवले. मी समोरच होतो. मला तेव्हा वाटलं, सर किती मोठ्या मनाचे.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये सुझानची आई वारली. सुझान तोवर रेल्वेत नोकरीला लागली होती, खेळाडूंच्या राखीव जागेवर. तिच्या उजव्या डोळ्याच्या जागी काचेचा डोळा होता आणि ती नेहमी मान थोडी वळवून बघायची. दफनविधी दुपारी बाराला होता. सगळा गाव दफनभूमीत गेला. आलोसभाऊ आत गेले नाहीत. फाटकाबाहेर उन्हात, टोपी हातात घेऊन, विधी संपेपर्यंत उभे राहिले. सुझाननं ते पाहिलं.

आठव्या दिवशी ती त्यांच्या अंगणात आली. पुढचं मला बर्थाकाकींनी सांगितलं.

आलोसभाऊ तिला बघून आत जायला निघाले. ती म्हणाली, "काका, थांबा. मला बोलायचंय."

"बोल. तुला माझ्यावर हवं ते बोलायचा हक्क आहे."

"चार नंबर माझ्या हातात नव्हतं."

ते थांबले.

"ते पहिल्यापासून फ्लॉसीकडे होतं. माझ्याकडे होतं त्याच्यावर आकडाच नव्हता. मी सरांना विचारलं, याला नंबर का नाही? सर म्हणाले, काका विसरले असतील. दोन बाण मारल्यावर आतून करकर ऐकू यायला लागली. मी सांगितलं. सर म्हणाले, शेवटची फेरी आहे, मार."

आलोसभाऊ ओट्यावर बसले. त्यांनी आपले तळवे उलगडून बघितले. मग म्हणाले, "म्हणजे चार नंबर फुटलं नाही."

"नाही. आणि कुणी काही जप्तही केलं नाही. सरांनी ती चारही धनुष्यं तिथल्या मैदानाच्या खोलीत ठेवून दिली. परत आणलीच नाहीत. तुम्ही आकडे बघाल म्हणून. हे फ्लॉसीनं मला नंतर सांगितलं, त्या चौघांनाही सरांनी गप्प बसवलं होतं."

काकी म्हणाल्या, त्या क्षणी त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. सात वर्षांत पहिल्यांदा. आणि लगेच, डोळ्यांसमोर, तो पुन्हा मिटला. कारण त्यांना दुसरी गोष्ट कळली.

"तुला हे तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"इस्पितळातून आलीस तेव्हा?"

"सर तिथंच आले होते, आईसमोर. म्हणाले, प्रशिक्षकानं कच्चं धनुष्य दिलं असं बाहेर आलं तर माझी नोकरी जाईल, क्लब बंद होईल, आणि सुझानच्या नोकरीसाठी चिठ्ठी द्यायलाही कुणी राहणार नाही. आई म्हणाली, गप्प राहा. मी गप्प राहिले. काका, मला डोळा नव्हता, बाप नव्हता..."

"आणि मी?" ते म्हणाले. "मी तुझ्या दारावरून गेलो नाही गं सात वर्षं. चिखलातून जायचो. तुझ्या आईच्या मातीला आत यायची माझी हिंमत झाली नाही. तू खिडकीतून बघत होतीस ना मला बांधावरून जाताना?"

"बघत होते."

 सुझान रडत गेली. काकी फुलांची परडी घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. आलोसभाऊ म्हणाले, "बर्था, ऐकलंस?"

"मला काय ऐकायचंय," काकी म्हणाल्या. "मी तर त्याच दिवशी उभं राहून सांगितलं होतं. तू बस म्हणालास."

त्या आत गेल्या. आलोसभाऊंनी मला पुढे सांगितलं, युजीननं मला फसवलं ते एक झालं, पण हिला खाली बसवलं ते मी.

दुसऱ्या दिवशी ते युजीन सरांकडे गेले. वाटेत मला दिसले आणि म्हणाले, "चल माझ्याबरोबर. साक्षीला कुणीतरी असू दे." मी गेलो.

सर व्हरांड्यात पेपर वाचत होते. आलोसभाऊ बसले नाहीत.

"सुझान आली होती."

सरांनी पेपर खाली ठेवला. नाकारलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. ते फक्त माझ्याकडे बघून म्हणाले, "याला कशाला आणलंस?"

"का केलंस, युजीन?"

"तुला कळणार नाही. माझी सगळी नोकरी पणाला लागली होती. चार पोरं शिकत होती. आणि तुझं काय, आलोस? तुझा तो जोडधंदा होता. एक बंद झाला, दुसरा कर. तू सुतार आहेस."

आलोसभाऊंचा आवाज चढला नाही. "जोडधंदा," ते म्हणाले. "माझे दात गेले, कान गेला, बायकोचं स्वयंपाकघर गेलं, ते मी धरत नाही. ते मी आपण होऊन दिलं होतं. पण माझे हात खोटे आहेत असं तू मला सात वर्षं समजू दिलंस. मी तुझ्या हातावर पाणी घातलं क्लाराच्या लग्नात. तू जेवलास."

 सर म्हणाले, "तुला काय हवंय?"

"रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सांग. जे खरं आहे तेवढंच. मी काही मागत नाही."

"सांगतो."

"शब्द?"

"शब्द दिला."

परत येताना आलोसभाऊ म्हणाले, "सांगेल तो. शेवटी तो युजीन आहे."  त्यांचा अजूनही विश्वास बसत होता.

रविवारी युजीन सर आले नाहीत. शनिवारीच ते वांद्र्याला मुलीकडे निघून गेले होते.

मिस्सा संपला. लोक पायऱ्यांवर रेंगाळत होते. आलोसभाऊ नवा शर्ट घालून एका बाजूला उभे होते, अजून रस्त्याकडे बघत. तेव्हा सुझान वरच्या पायरीवर थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "मला सगळ्यांना एक सांगायचंय." आणि तिनं सांगितलं, सगळं, स्वतःच्या नोकरीसकट. मध्येच तिचा आवाज बसला, पण ती थांबली नाही.

मी पुढे झालो आणि म्हणालो, सरांनी माझ्यासमोर कबूल केलं आहे. सात वर्षं उशिरा.

लोकांनी काय करावं? काही बायका सुझानला जवळ घेऊन उभ्या राहिल्या. एकजण म्हणाला, झालं गेलं, आता कशाला उकरायचं. दोघे-तिघे आलोसभाऊंकडे येऊन म्हणाले, "आम्हाला तेव्हाच वाटत होतं हो." त्या दिवशी ते चिडले ते एवढ्याच वाक्यावर. "वाटत होतं? वाटत होतं तर माझ्या घरी येऊन सांगितलं का नाही? मला स्वतःला वाटत नव्हतं, तुम्ही तरी सांगायचं!"

युजीन सरांचं पुढे काही झालं नाही. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. शाळेत निरोपसमारंभ झाला, तालुक्यात तिरंदाजी आणणारे म्हणून शाल घालण्यात आली. त्या दिवशी मी रजा टाकली. मी एवढंच करू शकलो. सर आणि आलोसभाऊ पुढे एकाच चर्चमध्ये, दोन टोकांच्या बाकांवर बसत राहिले.

धनुष्य करा, असं मी एकदा आलोसभाऊंना म्हणालो. तोवर मुलं कारखान्यात केलेली फायबरची धनुष्यं वापरू लागली होती, तरी म्हणालो. ते म्हणाले, "त्याला पुढची अडीच वर्षं डोळ्यांसमोर दिसावी लागतात. आणि ज्याच्या हातात देणार त्याच्यावर डोळे मिटून विश्वास. पहिलं मी अजून करू शकेन. दुसरं कुठून आणू?" पंपाची नोकरी मात्र त्यांनी सोडली. माळ्यावरचं पोतं खाली आलं. गंजलेली पटाशी त्यांनी दोन दिवस घासली आणि पहिलं काम केलं ते घरातलंच. बर्थाकाकींना फुलं निवडायला एक लांब, उतरतं मेज. कधी नव्हे ते त्यांनी आधी काकींना विचारलं, उंची किती हवी. काकींनी हातानं दाखवली.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात सुझानचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला ती स्वतः आली. ओट्याच्या खालीच उभी राहिली. आलोसभाऊंनी खुर्ची बाहेर आणून ठेवली तेव्हा बसली.

"काका, याल ना?"

त्यांनी पत्रिका हातात घेऊन वाचली. मग म्हणाले, "मला राग नाही असं मी म्हणणार नाही. आहे. तो जाईल असंही वाटत नाही. पण तू आलीस आणि पायऱ्यांवर उभी राहिलीस. तो आला नाही. एवढा फरक मी करतो. बर्था येईल. मला बोलावू नकोस."

सुझाननं मान हलवली. काकींनी तिला आत नेऊन चहा दिला.

लग्नाच्या दिवशी मोगऱ्याचा गजरा माळून बर्थाकाकी एकट्याच गेल्या.